शून्याचं तिकीट, साठ हजारांची चिठ्ठी : जन आरोग्य योजनेतल्या एका हार्ट हॉस्पिटलचा अनुभव

योजनेला पाचपैकी चार तारे. हॉस्पिटलला एक, तोही कॅथलॅबमधल्या, म्हणजे हृदयाच्या नळ्या मोकळ्या करतात त्या खोलीतल्या, डॉक्टरांच्या हाताला. बिलिंगच्या खिडकीला वेगळे तारे देता येत नाहीत, म्हणून हे एवढं लिहायला बसले.

हॉस्पिटलचं नाव टाकत नाही. तक्रार अजून मिटलेली नाही आणि दादाला दर तीन महिन्यांनी तिथंच दाखवायला न्यावं लागतं. जिल्ह्याच्या ठिकाणचं खासगी हार्ट हॉस्पिटल आहे, दारावर महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा, म्हणजे सरकारच्या मोफत उपचारांच्या योजनेचा, मोठा फलक आहे, एवढं पुरे. मी एस.टी.त वाहक आहे, बार्शीला. एकोणीस वर्षं झाली. पंच आणि तिकिटांच्या ट्रेपासून आताच्या मशीनपर्यंत सगळं हाताळलंय. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढचं सगळं मी वाहकाच्याच नजरेनं बघितलं आणि मला दुसरी नजर नाही.

दादा माझा मोठा भाऊ, बाजार समितीत हमाल. डिसेंबरात नव्या तुरीची आवक सुरू होती, गाडी उतरवता उतरवता छातीत कळ आली आणि पोतं खांद्यावरून सोडलं त्यानं. तीस वर्षांत पोतं सोडलेलं कुणी बघितलं नव्हतं, म्हणून बाकीचे हमाल घाबरले. गावातल्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, आणि पट्टी हातात धरूनच १०८ला फोन लावला. हॉस्पिटलात पोचलो तेव्हा रात्रीचे साडेअकरा. मी, वहिनी आणि पुतण्या.

खिडकीवरच्या माणसाला केशरी रेशनकार्ड दाखवलं. तो म्हणाला, "योजनेत बसेल, पण मंजुरी सकाळी येणार. तोवर वीस हजार डिपॉझिट भरा, मंजुरी आली की परत." रात्री साडेअकराला, आत भाऊ झोपलेला असताना, माणूस 'का' विचारत नाही. पुतण्यानं फोन काढून स्कॅन केलं. स्क्रीनवर नाव आलं ते हॉस्पिटलचं नव्हतं, तळमजल्यावरच्या मेडिकलचं होतं. पावती म्हणून कोऱ्या चिठ्ठीवर दादाचं आडनाव, पुढे '२०' आणि खाली एक रेघ. मी वीस रुपयांच्या तिकिटालाही यापेक्षा जास्त शाई वापरते.

नंतर कळलं ते आधीच सांगून ठेवते, कुणाच्या तरी कामी येईल. हार्ट अटॅकसारख्या तातडीच्या केसला सकाळपर्यंत थांबायचं कारणच नसतं. हॉस्पिटलनं योजनेच्या डॉक्टरांना फोनवर कळवायचं, त्यावर उपचार सुरू करायचे आणि कागद मागाहून पाठवायचे, अशी सोय योजनेत आहे. डिपॉझिट नावाची गोष्ट योजनेत नाही. बेड, आयसीयू, तपासण्या, औषधं, स्टेंट (हृदयाची बुजलेली नळी उघडी ठेवायला आत बसवतात ती जाळी), पेशंटचं जेवण, एवढंच काय घरी परतायचं एस.टी.चं भाडंसुद्धा पॅकेजमध्ये धरलेलं असतं.

सकाळी आरोग्यमित्राच्या, म्हणजे हॉस्पिटलात बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाच्या, टेबलावर गेलो. पंचविशीतली मुलगी, समोर कॉम्प्युटर, एक कॅमेरा आणि झेरॉक्सचा ढीग. कार्ड, आधार, अंगठा, फोटो, वीस मिनिटांत तिनं सगळं केलं. काम करताना मान वर केली नाही. मी डिपॉझिटचं विचारलं तेव्हा तिनं मागे बघितलं, कागद लावता लावता हळूच म्हणाली, "ताई, पावती मागा. छापील." आणि लगेच पुढच्याला हाक मारली. तेव्हा मला ती तुसडी वाटली होती. आता वाटतं, त्या इमारतीत आमच्या बाजूनं एवढं बोललेली ती एकटीच.

दुपारी अँजिओग्राफी, म्हणजे हृदयाच्या नळ्यांची तपासणी, झाली आणि मला व वहिनीला एका छोट्या केबिनमध्ये बोलावलं. टाय लावलेला मुलगा, डॉक्टर नव्हे. टेबलावर प्लास्टिकचं हृदय, त्याचं झाकण उघडतं. त्यानं पेनानं एक नळी दाखवली आणि म्हणाला, योजनेतला स्टेंट साधा असतो. बसतो, पण किती वर्षं टिकेल ते आम्ही सांगू शकत नाही. इंपोर्टेड घ्यायचा तर वरचे चाळीस हजार. "लवकर ठरवा, पेशंट टेबलवर आहे."

वहिनीनं माझ्याकडे बघितलं. आता तुम्ही सांगा, सख्ख्या भावासाठी कोण म्हणेल की साधा टाका?

खाली स्कॅनर होता, पण तो म्हणाला बंद आहे, कॅशच लागेल. शेजारच्या एटीएममधून माझ्या दोन कार्डांवर वीस-वीस काढले आणि त्याच्या हातात दिले. त्यानं ते मोजलेही नाहीत, ड्रॉवरमध्ये टाकले. एकोणीस वर्षं कॅश हाताळणाऱ्या बाईला तिथंच खटकायला हवं होतं. पैसे न मोजता घेतो तो माणूस हिशेब देणारा नसतो.

फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारनं स्टेंटच्या किमतीला मर्यादा घातली, हे मला घरी आल्यावर कळलं. औषधाचा मुलामा असलेल्या स्टेंटला तेव्हा २९,६०० रुपये ठरले होते. पुढे आकडा बदलत, वाढत गेला, पण मुद्दा लक्षात घ्या : अख्ख्या स्टेंटची किंमतच सरकारनं बांधलेली, आणि आमच्याकडून 'वरचे' चाळीस.

आता वॉर्डातली एक गोष्ट. दादाला दुसऱ्या दिवशी आयसीयूतून बाहेर आणलं. शेजारच्या कॉटवर एक म्हातारी होती, तापासाठी भरती, उस्मानाबादकडची. (धाराशिव म्हणायची अजून सवय नाही, गाडीचा बोर्ड बदलला तरी.) चांगली हिंडत-फिरत होती, वहिनीला कण्या करायची रीत सांगत होती. दुपारी चारला वॉर्डबॉय व्हीलचेअर घेऊन आला. म्हातारी म्हणाली, "मला कशाला ओ, मी चालते की." तिला आयसीयूत नेलं. मी दादाचं राहिलेलं औषध आणायला त्याच दारात उभी होते, दार अर्धं उघडं होतं. म्हातारीला रिकाम्या बेडवर आडवी केली, तोंडाला ऑक्सिजनचा मास्क लावला, बोटाला ती चिमट्यासारखी वस्तू अडकवली. एकानं मोबाइलवर दोन फोटो काढले, एक तोंडाजवळून, एक मागच्या मॉनिटरसकट. मास्क काढला. दहा मिनिटांत म्हातारी परत वॉर्डात. मला म्हणाली, "थंडगार खोली होती बाई." दुसऱ्या दिवशी चारला पुन्हा व्हीलचेअर आली.

तेव्हा मला काही उमगलं नाही, वाटलं काही तपासणी असेल. तापासारख्या, ऑपरेशन नसलेल्या आजाराचे पैसे योजनेत दिवसावर मिळतात आणि आयसीयूच्या दिवसाला वॉर्डाच्या दिवसापेक्षा कितीतरी जास्त, हे नंतर कळलं आणि त्या फोटोंचा अर्थ लागला. म्हातारीच्या फाइलमध्ये काय लिहिलं ते मी बघितलेलं नाही. मी बघितलं ते लिहिलं.

चौथ्या दिवशी डिस्चार्ज. घरी जायची घाई असते, रिक्षा खाली थांबलेली असते, आणि त्याच वेळेला सात-आठ कागद पुढे येतात. "इथं, इथं आणि इथं." दादानं केल्या सह्या. शेवटच्या कागदाला मी हात लावला म्हणून दिसलं : माझ्यावर योजनेतून मोफत उपचार झाले, माझ्याकडून कोणतीही रक्कम घेतली नाही. त्याखाली परतीचं भाडं १०० रुपये मिळालं, असं लिहून तयार. भाडं! एस.टी.चं! दादाला मी आमच्याच गाडीनं घरी आणणार होते. मी म्हटलं, शंभर रुपये द्या मग. तो हसला, "मॅडम, ते फॉर्म्यालिटीचं असतं." मी वहिनीकडे बघितलं, तिनं डोळ्यानंच 'राहू द्या' केलं. वीस, चाळीस आणि खालच्या मेडिकलमधलं ६,३४०, असे ६६,३४० देऊन आम्ही 'काहीही दिलं नाही' या कागदावर सही करून बाहेर पडलो.

आता वाहकाचं ऐका. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी.चा प्रवास फुकट आहे. म्हणजे आजोबा गाडीत बसले की मी आधार बघते आणि मशीनमधून शून्य रुपयांचं तिकीट काढते. त्या शून्याचे पैसे सरकार महामंडळाला देतं. समजा माझ्या मनात पाप आलं. आजोबांना म्हटलं, 'फुकट नसतं बाबा, काढा शंभर,' ते खिशात टाकले, आणि मशीनमधून शून्याचं तिकीट काढून सरकारकडूनही वसूल होऊ दिले. किंवा गाडीत नसलेल्याच आजोबांची पाच तिकिटं काढली. पुढच्या फाट्यावर चेकिंगची जीप उभी असेल. तपासनीस गाडीत चढला की माझ्याकडे बघतसुद्धा नाही आधी. तो थेट आजोबांजवळ जातो : "तिकीट बघू बाबा. किती दिले?" आजोबा 'शंभर' म्हणाले की माझी नोकरी गेली. आमच्यात पाच-दहा रुपयांच्या अपहारावरून घरी बसलेले वाहक आहेत, कोर्टातही टिकलेल्या केसेस आहेत त्या.

हॉस्पिटलात आमच्या दादाचं झालं ते हेच. शून्याचं तिकीट फाडलं आणि शंभरही घेतले. फक्त तिथं गाडीत चढून 'किती दिले' असं विचारणारा कुणी आला नाही.

तपासनीसच नाही असं मात्र नाही, आणि हे मला योजनेच्या जिल्हा समन्वयकांच्या टेबलावर कळलं. योजनेच्या हेल्पलाइनला, १५५३८८ वर, फोन केला, त्यांनी तक्रार लिहून घेतली, नंबर दिला, आठवड्यानं समन्वयकांकडे बोलावणं आलं. त्यांनी दादाची केस स्क्रीनवर उघडली. हॉस्पिटलनं दोन स्टेंट मागितले होते. मंजुरी देणाऱ्या डॉक्टरांनी अँजिओग्राफीची चित्रं बघून एक कापला, एकच दिला. म्हणजे सरकारच्या पैशासाठी कुणीतरी डोळ्यांत तेल घालून बसलेलं आहे. कागद, फोटो, सीडी सगळं बघतं. पण पेशंटच्या खिशातून काय गेलं याचा पुरावा म्हणजे पेशंटचीच सही, 'काही घेतलं नाही' अशी. चोराला दाखला देणारा प्रवासीच, मग तपासनिसानं काय करावं?

समन्वयक बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, सही करण्याआधी फोन केला असता तर त्याच दिवशी मिटलं असतं. हे मी आता ओळखीच्या प्रत्येकाला सांगते : भरती असतानाच फोन करा, १५५३८८ किंवा केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेचा १४५५५, डिस्चार्जच्या कागदावर सही व्हायच्या आधी.

घरी आल्यावर एक वेगळीच भीती मनात बसली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये अहमदाबादच्या एका खासगी हॉस्पिटलचं प्रकरण सगळ्यांनी वाचलं असेल. मेहसाणा जिल्ह्यातल्या बोरिसणा गावात मोफत शिबिर घेतलं, तिथून एकोणीस जणांना शहरात नेलं, सगळ्यांची अँजिओग्राफी, सात जणांना स्टेंट, दोघं दगावले. त्यांना गरज नव्हतीच, आयुष्मान योजनेचे पैसे काढायला हे केलं, असा आरोप झाला, अटका झाल्या. ते आठवून मला झोप येईना. पैसे घेतले ते घेतले, पण दादाला मुळात स्टेंट लागत होता का? बार्शीच्या डॉक्टरांकडे अँजिओग्राफीची सीडी घेऊन गेले. त्यांनी लॅपटॉपवर लावली, एका जागी थांबवली, बोट ठेवलं. नळी मध्येच दोऱ्यासारखी बारीक झालेली, आणि पुढच्या चित्रात सरळ, भरलेली. "काम झकास केलंय," ते म्हणाले. "हे झालं नसतं तर तुमचा भाऊ आज नसता." तो एक तारा या वाक्याचा आहे. गंमत बघा, ज्या हॉस्पिटलनं भावाला वाचवलं त्याच्याविरुद्ध मी तक्रार घेऊन फिरतेय, आणि नातेवाइकांत मी कृतघ्न ठरलेय.

आमच्या विश्रांतीगृहात हा विषय निघाला तेव्हा एका ड्रायव्हरनं कॅगचा, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या यंत्रणेचा, अहवाल काढला, ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत मांडलेला, आयुष्मान भारतवरचा. त्यात ७,४९,८२० लाभार्थी एकाच मोबाइल नंबरवर नोंदलेले होते. नंबर कोणता, तर दहा वेळा नऊ. आधीच मरण पावल्याची नोंद असलेल्या ३,४४६ पेशंटांच्या नावावर पुढे उपचार दाखवून ६ कोटी ९७ लाख रुपये दिलेले. आम्ही हसलो. मेलेल्या प्रवाशाचं तिकीट फाडायची आयडिया आमच्यातल्या कुणाला सुचली नव्हती.

पण हे लिहिताना मला थोडी शरम वाटते, कारण असं वाचून लोक म्हणतात योजनाच बोगस आहे. नाही. चार तारे मी उगाच दिलेले नाहीत. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आमचा सोलापूर जिल्हा पहिल्या टप्प्यातला. तेव्हा माझ्या नणंदेचं ऑपरेशन झालं होतं त्यातून, एक रुपया गेला नव्हता. २०१७ मध्ये नाव बदललं, २०२० पासून आयुष्मानशी जोडली गेली. आधी दीड लाखाची मर्यादा होती, आता कुटुंबाला वर्षाला पाच लाख आणि रेशनकार्डाचा रंगही आडवा येत नाही. माझ्या आजोबांना असलं दुखणं झालं तेव्हा दोन एकर विकलं होतं. दादाचं रान अजून दादाच्या नावावर आहे.

समन्वयकांनी नोटीस काढल्यावर हॉस्पिटलचा मॅनेजर मला भेटायला चक्क स्टँडवर आला. बसायला जागा नव्हती, कंट्रोल केबिनच्या मागं उभं राहून बोललो. म्हणाला, "ताई, तुम्हीही नोकरी करता, समजून घ्या. पॅकेजचे दर परवडत नाहीत. सरकारकडं आमची बिलं महिनोन्महिने अडकतात." त्याचं हे म्हणणं खोटं नाही. हरियाणात ऑगस्ट २०२५ मध्ये खासगी हॉस्पिटलांनी थकबाकीवरून आयुष्मानचे पेशंट घेणंच थांबवलं होतं. दर आणि थकबाकी यावर त्यांनी भांडावं, मी त्यांच्या बाजूनं पत्र लिहीन. पण आमचेही पगार थकले होते. २०२१ला संप झाला, महिनोन्महिने गाड्या उभ्या होत्या, घरात पीठ नव्हतं. तेव्हा मी प्रवाशाच्या खिशात हात घातला नाही, हे त्याला सांगितलं. परवडत नसेल तर दारावरचा फलक काढा. फलक लावून पेशंट ओढायचे आणि खिडकीवर योजना पुरत नाही म्हणायचं, हे कसलं?

मग तो मुद्द्यावर आला. वीस हजार मेडिकलच्या खात्यावर गेल्याची नोंद पुतण्याच्या फोनमध्ये होती, ६,३४०ची छापील बिलं होती. ते २६,३४० आठ दिवसांत वहिनीच्या खात्यात जमा झाले. सोबत पत्र : 'गैरसमजातून घेतलेली रक्कम.' चाळीस हजार? "असे पैसे घेतल्याची आमच्याकडे नोंद नाही." खरंच नसणार. मी त्या दुपारच्या एटीएमच्या दोन स्लिपा दिल्यात, बारा मिनिटांच्या अंतराच्या. पैसे काढल्याचा पुरावा आहे, दिल्याचा नाही. टाय लावलेला मुलगा तिथं आता कामाला नाही म्हणे. तक्रारीवर 'कार्यवाही सुरू' असं येतं.

आणखी एक राहिलं. दादाला कुठला स्टेंट बसवला, इंपोर्टेड की योजनेतला? डिस्चार्ज कार्डावर एकच स्टिकर आहे, कंपनीचं नाव आणि नंबर. समन्वयकांच्या स्क्रीनवर योजनेतून दिलेल्या स्टेंटचा नंबर होता. मी चष्मा लावून दोन्ही जुळवले, शेवटच्या आकड्यापर्यंत. एकच नंबर.

दादा म्हणतो सोड. उद्या पुन्हा कळ आली तर त्याच दारात जायचंय. वहिनीही तेच म्हणते.

गेल्या मंगळवारी तपासणीला गेलो होतो. खिडकीवर नवा माणूस. "फाइल चार्ज दोनशे." मी म्हटलं, "छापील पावती द्या." त्यानं माझ्याकडे बघितलं, दादाचं कार्ड बघितलं आणि म्हणाला, "राहू द्या मग, जा आत." मागं एक बाई उभी होती, दोनशेची नोट आधीच हातात काढून. मी तिला म्हटलं, योजनेत असाल तर देऊ नका, पावती मागा. ती म्हणाली, "असू द्या ताई, नंबर जाईल माझा," आणि नोट खिडकीतून आत सरकवली.